बट्टा आणि बँकदर: नागपूरकरांच्या अमलापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत

(१)

गोंदियाजवळील नागरा हें गांव संशोधकांस ठाऊक आहे तें तेथील जुन्या शिवमंदिरामुळें. तेथें जाणारा अभ्यासक मंदिर पाहतो, अवशेषांचीं टिपणें घेतो आणि परततो. प्रस्तुत लेखांत या गांवाकडे निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांत नागपूरकर भोसल्यांचा अंमल असतां येथील रयतेच्या हातीं जो रुपया येई त्याची किंमत कोण ठरवीत असे, हा आमचा प्रश्न आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचा माग काढूं लागलें म्हणजे आज मुंबईस रिझर्व्ह बँकेंत जें चलनविषयक धोरण ठरतें त्याच्या मुळाशीं जाऊन पोंचावें लागतें.

चलनाची किंमत राजाच्या हुकमानें ठरते, असा एक समज आहे; ती धातूच्या कसानें ठरते, असा दुसरा. दोन्ही समजांत कांहीं तथ्य आहे, पण पुरें नाहीं. उपलब्ध इतिहासावरून आमचें मत असें झालें आहे कीं, चलनाची किंमत सरकार आपल्या खजिन्याच्या दारीं काय व कोणत्या अटींवर घेतें आणि देतें यावर ठरते; आणि ती ठीक ठरली कीं नाहीं याचा निवाडा बाजार करतो. या निवाड्याचा कागद म्हणजे बट्टा होय. चलननीतीविषयींचे विचार गेल्या साडेतीनशें वर्षांत पुष्कळ बदलले. पण तो बदल म्हणजे मुख्यतः हा निवाडा कोठें वाचावा याविषयींचा बदल आहे.

(२)

आरंभ रायगडापासून करणें योग्य होईल. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. त्यानें मांडलेल्या कलमांत इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलुखांत चालावें असें एक कलम होतें. त्यावर शिवाजी महाराजांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा: ज्यांत रयतेचें नुकसान होईल असें नाणें घेण्याची सक्ती आपणांस करतां येणार नाहीं, परंतु इंग्रजांचें नाणें वजनास व कसास मोंगल आणि इतर राजांच्या नाण्याइतकें उतरलें, तर आपण त्यास मनाई करणार नाहीं.

हें उत्तर राजकारणी म्हणून पुष्कळांनीं नमूद केलें आहे. चलनशास्त्र म्हणून त्याकडे फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. स्वतःच्या नांवाचा होन व तांब्याची शिवराई पाडून सार्वभौमत्वाची द्वाही फिरविणारा राजा त्याच वेळीं सांगतो कीं, नाणें चालविणें हें राजाच्या हातीं आहे, पण त्याची किंमत रयतेच्या गळीं उतरविणें हें त्याच्या हातीं नाहीं. शिवराई पुढें मराठी राज्य गेल्यावरही बाजारांत चालत राहिली, हें या तत्त्वाचें उत्तम प्रत्यंतर होय.

(३)

अठराव्या शतकांत मराठी राज्य पसरलें व त्याबरोबर टांकसाळीही वाढल्या. त्या बहुधा सरकारी कारखाने नव्हत. सरकार एखाद्या सराफास किंवा सोनारास ठराविक मुदतीचा परवाना देई व त्याबद्दल रक्कम घेई. नाण्याचें वजन व कस कौलांत लिहून दिलेला असे. पण परवाना घेणाऱ्याचा नफा कशांत होता हें उघड आहे: चांदींत थोडी अधिक मिसळ घातली कीं प्रत्येक शेंकड्यामागें चार रुपये सुटत. एका ठिकाणची टांकसाळ बदनाम झाली कीं दुसरी निघे. परिणामीं पुण्याकडील अंकुशी, चांदवडची चांदवडी, नागपूरकरांचा नागपुरी, अशा नाना जातींचे रुपये एकाच बाजारांत एकत्र होत. त्यांवरील नांव बहुधा दिल्लीच्या बादशहाचेंच असे. भोसल्यांच्या कटकच्या टांकसाळींतील रुपयावर त्रिशूळाची खूण असली तरी नांव अहमदशहाचें होतें. आणि तो बादशहा इ. स. १७५४ मध्येंच पदच्युत झालेला होता! अर्थात् शिक्क्यावरील अक्षरांकडे पाहून कोणी रुपया घेत नसे.

मग कशाकडे पाहून घेत? येथें पोतदाराचें महत्त्व येतें. नाणें पारखणारा हा पोतदार बहुधा गांवचा सोनारच असे. त्याचा निर्णय ‘अमुक रुपयास अमुक बट्टा’ या रूपानें व्यक्त होई. सरकारी भरणा विशिष्ट जातीच्या रुपयांत मागितलेला असे; इतर रुपये दिले तर बट्ट्याची भर घालावी लागे. ही भर कित्येक हिशेबांत जमेच्या बाजूस स्वतंत्र बाब म्हणून दिसते. म्हणजे टांकसाळवाल्यानें कस मारला, सराफानें तो ओळखला, सरकारनें आपलें नुकसान भरून घेतलें, आणि सर्व तूट शेवटीं ज्याच्या हातीं नाणें होतें त्या रयतेच्या अंगावर पडली. भात विकून आलेला रुपया पाटलामार्फत कमाविसदाराकडे पोंचेपर्यंत तो पुरा रुपया राहत नसे.

ही स्थिति राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत धारवाड प्रांत हस्तगत झाल्यावर तेथील वीसांहून अधिक खाजगी टांकसाळी बंद करून धारवाडास एक मध्यवर्ती टांकसाळ चालविण्याचा हुकूम इ. स. १७६५ च्या सुमारास निघाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठ्यांच्या टांकसाळींवरील आपल्या निबंधांत या प्रकरणाकडे लक्ष वेधलें आहे. नाणें पाडण्याचा अधिकार एका हातीं असावा, हा विचार येथें स्पष्ट आहे. मध्यवर्ती बँकेच्या कल्पनेचें अर्धें बीज त्यांत आहे. पण उरलेलें अर्धें त्यांत नव्हतें. मुलूख सरदारांत वांटलेला होता व प्रत्येकास नाण्याचा नफा हवा होता; म्हणून एका प्रांतांत केलेली व्यवस्था शेजारच्या प्रांताच्या हिणकस नाण्यानें बिघडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनमध्यें रुपयांच्या जाती कमी झालेल्या दिसत नाहींत.

(४)

नागपूरकरांच्या राज्याचें पूर्वेकडील टोंक म्हणजे कटक प्रांत. तो इ. स. १७५१ पासून १८०३ पर्यंत भोसल्यांकडे होता. तेथील रोजच्या व्यवहाराचें चलन म्हणजे कवडी. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण व सोळा पणांचा काहण, असा तिचा कोष्टक असे. म्हणजे एका काहणांत १२८० कवड्या. या कवड्या मालदीव बेटांकडून समुद्रमार्गें येत. तिच्यांत ना सोनें ना चांदी. पण भोसल्यांच्या अमदानींत वसुलाची रक्कम कवड्यांत धरली जाई, म्हणून तिला किंमत होती.

इ. स. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें हा प्रांत कंपनीकडे गेला. कंपनीनें सारा चांदीच्या शिक्का रुपयांत मागण्यास सुरुवात केली व हिशेबाकरितां रुपयास चार काहण हा भाव धरला. पण खजिना कवडी घेईनासा होतांच तिची मागणी बसली. बाजारांत रुपयास सहा-सात काहण मोजावे लागूं लागले. शेतकऱ्याचें उत्पन्न कवड्यांत आणि देणें रुपयांत, अशी कात्री झाली. इ. स. १८१७ मध्यें खुर्द्यास बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखालीं पाइकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांत मिठाचा महाग भाव व जमिनी जाणें यांबरोबर कवडीचें हें पडणेंही मोजलें जातें.

या प्रकरणाचें महत्त्व असें कीं, धातूचा कस हाच चलनाचा आधार, हा सिद्धान्त येथें लागू पडत नाहीं. कवडीचा कस बदलला नव्हता. बदलली ती खजिन्याची अट. सरकारची सत्ता चलनावर चालते ती हुकमाच्या द्वारें फारशी नव्हे, तर भरणा म्हणून काय स्वीकारावयाचें या निर्णयाच्या द्वारें.

(५)

याच काळीं इंग्लंडांत काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे तुलना मनोरंजक होते. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना इ. स. १६९४ ची. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या ताणामुळें इ. स. १७९७ मध्यें तिनें नोटेच्या मोबदल्यांत सोनें देणें बंद केलें व तें १८२१ पर्यंत पूर्ववत् झालें नाहीं. नोटांत सोन्याचा भाव चढला. नोटा जास्त झाल्या कीं सोनें दुर्मिळ झालें, असा वाद माजला. पार्लमेंटनें नेमलेल्या समितीनें इ. स. १८१० च्या अहवालांत निर्णय दिला कीं, सोन्याचा बाजारभाव व परदेशची हुंडणावळ या दोन खुणांवरून नोटा प्रमाणाबाहेर निघाल्या आहेत असें ठरतें.

आपल्या भाषेंत सांगावयाचें तर समितीनें नोटेवरील बट्टा वाचला. पुण्याचा किंवा नागपूरचा सराफ जें नित्य करीत होता तेंच येथें शास्त्राच्या पदवीस चढलें. भेद एवढाच, पण मोठा, कीं आपल्याकडे बट्टा वाचून सरकार रयतेकडून तूट वसूल करी. तेथें बट्टा वाचून नोट काढणाऱ्या पेढीनें हात आंवरावा, असें सांगितलें गेलें. चलननीति या शब्दाचा आधुनिक अर्थ येथून सुरू होतो. बट्टा हा जमेचा बाब न राहतां दोषाची खूण ठरला.

(६)

इ. स. १८३५ च्या सतराव्या कायद्यानें कंपनीनें आपल्या मुलखांत एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निवर्तले, त्यांचें राज्य खालसा झालें आणि वैनगंगेचें खोरेंही या रुपयाच्या कक्षेंत आलें. नाण्यांमधील बट्टा हळूहळू गेला. पण तो समूळ गेला असें मात्र नव्हे. त्यानें केवळ रूप पालटलें.

इ. स. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. त्यासाठीं देशाचीं मंडलें पाडण्यांत आलीं. नागपूर व अकोला येथेंही अशीं ठाणीं होतीं. नोट ज्या मंडलाची त्याच मंडलांत ती हक्कानें वटे. बाहेर तिला वटाव पडे. अंकुशी व चांदवडी यांच्यामधील बट्टा जणूं कागदावर उतरला. पांच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालेल असें इ. स. १९०३ मध्यें ठरलें. दहा व पन्नास यांचा निर्णय १९१० मध्यें आणि शंभराचा १९११ मध्यें झाला. जुन्या नोटा जमविणाऱ्यांस त्यांवरील गांवांचीं नांवें परिचित आहेत. तीं नांवें शोभेचीं नसून, कोणत्या खजिन्याच्या दारीं तें वचन पाळलें जाईल याची ती खूण आहे.

दुसरा बट्टा हुंडणावळींत शिरला. इ. स. १८७० नंतर युरोपांतील राष्ट्रें सोन्याकडे वळलीं व चांदी स्वस्त झाली. रुपया सुमारें तेवीस पेन्सांवरून घसरत इ. स. १८९३ पर्यंत पंधराच्या आसपास आला. विलायतेस पाठवावयाची रक्कम सोन्यांत असल्यानें सरकारवरील भार वाढला. तेव्हां २६ जून १८९३ रोजीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद करण्यांत आल्या. पुढें रुपया सोळा पेन्सांवर आणून ठेवला गेला. या दिवसापासून रुपयाची किंमत त्यांतील चांदीपेक्षां अधिक झाली. ती कृत्रिम तुटवड्यानें व लंडनमधील व्यवस्थेनें राखली जाऊं लागली. निवाडा आतां नाण्याच्या कसांत वाचावयाचा नसून लंडनच्या हुंडणावळींत वाचावयाचा, असें सरकारनें ठरविलें.

(७)

यावर सर्वांत मूलगामी आक्षेप एका मराठी विद्वानानें घेतला. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध इ. स. १९२३ मध्यें लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानें इ. स. १९१३ मध्यें वाखाणलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर त्यांनीं टीका केली. त्यांच्या युक्तिवादाचें सार असें: पौंडाच्या मोबदल्यांत रुपया स्थिर राखला म्हणजे धान्याच्या व कापडाच्या मोबदल्यांत तो स्थिर राहतो असें नाहीं, आणि सामान्य माणसास दुसरी स्थिरताच महत्त्वाची. शिवाय ज्या चलनाचें प्रमाण चालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे तें मर्यादेंत राहील याची हमी नाहीं. म्हणून नवे रुपये पाडण्याची मुभा सरकारसही असूं नये. इ. स. १९२५ मध्यें त्यांनीं हिल्टन यंग आयोगापुढें साक्ष दिली. आयोगानें १९२६ मध्यें मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, व तिच्यांतून १ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँक निघाली. पुढें इ. स. १९५४ मध्यें डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. गोंदियाचा प्रदेश तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे.

नव्या बँकेच्या हातीं बँकदर हें मुख्य शस्त्र होतें. इतर बँका तिच्याकडून ज्या व्याजानें पैसा उचलतात तो हा दर. या देशांत शेतीच्या हंगामाप्रमाणें पैशाची ओढ बदलते. खरीपाचें भात घरीं आलें कीं व्यापारी रोकड घेऊन बाजारांत उतरतो व व्याज चढतें; पावसाळ्यांत तें उतरतें. गोंदियाच्या गिरण्यांस हें सांगावयास नको. रिझर्व्ह बँकेचीं पतधोरणें कित्येक दशकें ‘तेजीचा हंगाम’ व ‘मंदीचा हंगाम’ अशा वर्षार्धांवर आंखलेलीं होतीं, त्याचें कारण हेंच.

परंतु हें शस्त्र दीर्घकाळ म्यानांत राहिलें. नोव्हेंबर १९३५ मध्यें ठरलेला ३ टक्क्यांचा दर नोव्हेंबर १९५१ पर्यंत हलला नाहीं. दरम्यान दुसरें महायुद्ध झालें. ब्रिटिश सरकार लंडनमध्यें पौंड जमा करी आणि त्यांच्या आधारावर येथें रुपयाच्या नोटा निघत. युद्धाच्या सहा वर्षांत नोटा सहा पटींच्या आसपास वाढल्या, भाव भडकले, इ. स. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळांतला. आंबेडकरांनीं सांगितलेला धोका प्रत्यक्षांत उतरला: हुंडणावळ स्थिर, आणि रयतेच्या हातांतील रुपया विरघळत चाललेला.

युद्धाच्या मध्यावर, ऑगस्ट १९४३ मध्यें, चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचा जन्म रायगडाच्या पायथ्याजवळील नाते गांवचा व नोकरीचीं पूर्वींचीं वर्षें मध्यप्रांत-वऱ्हाडांतलीं. शिवराईचा गड आणि नागपुरी रुपयाचा मुलूख, दोन्हीशीं त्यांचा संबंध होता. त्यांच्याच कारकीर्दींत, १ जानेवारी १९४९ रोजीं, बँक सरकारी मालकीची झाली.

(८)

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. नियोजनाच्या काळांत कर्ज कोणास व किती द्यावें हें ठरविणें यासच चलननीति समजलें गेलें. इ. स. १९५५ पासून सरकारची तूट बँकेकडील तात्पुरत्या हुंड्यांनीं भागविण्याची रीत पडली. ती मार्च १९९७ मध्यें संपली. मधल्या काळांत, इ. स. १९८५ मध्यें, प्रा. सुखमय चक्रवर्ती यांच्या समितीनें चलनाच्या एकूण प्रमाणावर नजर ठेवावी असें सुचविलें. १९९८ पासून अनेक खुणा एकत्र वाचण्याची पद्धति आली. शेवटीं इ. स. २०१६ मध्यें कायदा बदलून सहा जणांची समिती स्थापण्यांत आली व महागाईचा दर ४ टक्क्यांवर, खालींवर दोन टक्क्यांच्या मर्यादेंत, राखणें हें तिचें उद्दिष्ट ठरलें. न्यूझीलंडनें इ. स. १९८९ च्या कायद्यानें हा मार्ग प्रथम चोखाळला होता. आतां मुख्य साधन रेपो दर, म्हणजे बँकांस अल्प मुदतीचा पैसा रोख्यांच्या तारणावर ज्या व्याजानें मिळतो तो दर.

या पद्धतींत दोन गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानीं घ्याव्या. पहिली अशी कीं, भाव पुढें किती चढतील असें वाटतें, हें बँक निवडक शहरांतील कुटुंबांस नियमित विचारते. कारण लोकांची अपेक्षाच उद्यांचा भाव घडविते, असें आतां मानलें जातें. पोतदार आजच्या नाण्याचा बट्टा सांगे. हें उद्यांच्या नाण्याचा बट्टा विचारणें आहे. दुसरी अशी कीं, समितीचें इतिवृत्त, प्रत्येक सभासदाच्या मतासह, चौदाव्या दिवशीं प्रसिद्ध होतें; आणि लागोपाठ तीन तिमाह्या उद्दिष्ट चुकलें तर बँकेनें सरकारास कारणें लिहून द्यावयाचीं असतात. इ. स. २०२२ मध्यें असा प्रसंग आला. ३ नोव्हेंबर रोजीं समिती बसली, पत्र गेलें. पण तें त्या वेळीं प्रसिद्ध करण्यांत आलें नाहीं. चलनाच्या मालकास हिशेब मागण्याची तरतूद पेशवाईंत नव्हती, कंपनीच्या काळीं नव्हती. ती आतां आहे. ज्याची तूट होते त्यास तो हिशेब वाचावयास मिळावा कीं नाहीं, हा प्रश्न मात्र उरला आहे.

(९)

एवंच, निवाडा वाचण्याचें ठिकाण बदलत गेलें: प्रथम धातूचा कस, मग सोन्याचा भाव, मग लंडनची हुंडणावळ, मग चलनाचें प्रमाण, आणि आतां धान्य-भाजीपाल्याचे भाव व लोकांची अपेक्षा. या सर्व प्रवासाअंतीं आपण रायगडावरील उत्तराजवळ येऊन ठेपलों आहों. रयतेस नुकसान होईल तें घेण्याची सक्ती करतां येत नाहीं; केली तरी ती बाजारभावांत उमटते. महागाई म्हणजे सर्वांवर सारख्या दरानें बसविलेला बट्टाच होय. फरक इतकाच कीं, ज्याच्यापाशीं जमीन व सोनें आहे तो त्यांतून निसटतो व मजुरीवर जगणारा निसटत नाहीं.

जातां जातां संग्राहकांस एक विनंति. आपण तह, सनदा व राजपत्रें जपतों. हिशेबाचे रुमाल मात्र अजून रद्दींत जातात. परंतु ताळेबंदांतील ‘बट्टा’ या एका शब्दापुढील आंकडा, रुपयाच्या जातीसह व मितीसह उतरून घेतला, आणि असे आंकडे भंडारा, नागपूर, चांदा, कटक यांच्या कागदांतून जमविले, तर नागपूरकरांच्या काळची चलननीति रयतेच्या बाजूनें प्रथमच लिहितां येईल. नागऱ्याचें मंदिर दगडाचें आहे, तें आणखी कांहीं काळ टिकेल. हिशेबाच्या कागदास वाळवी लागते. त्याची निकड अधिक आहे.